वस्तऱ्याखालचं मत

१२ मार्च

ताई,

फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. फोन करणार होतो, पण फोनवर तू दोन वाक्यांत माझं तोंड बंद करतेस आणि मला जे बोलायचं असतं ते फोन ठेवल्यावर सुचतं. पत्रात ती सोय आहे. इथे तुला मध्ये बोलता येत नाही.

पाच वर्षांनी लिहितोय म्हणून समेट करायला आलोय असं समजू नकोस. आपल्या सरकारनं तू शिकवायचीस ती शाळा बंद केली आणि तू पक्ष सोडलास, तेव्हा मी जे म्हणालो ते मी आजही म्हणेन. वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी असतील तर कुणीही शाळा बंद करेल, त्यात आपल्या पक्षाचंच काय ते चुकलं असं नाही. असो. तो विषय काढला की तुझा चेहरा कसा होतो ते मला इथूनही दिसतं.

मुद्द्याचं बोलतो. संसदेची निवडणूक महिन्यावर आलीय आणि मला हवा कळत नाहीये. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. बाहेर समजलं तर पक्षात मला कुत्रं विचारणार नाही.

तुला माहीतच आहे, प्रत्येक निवडणुकीआधी आपले अध्यक्ष माझ्या खुर्चीत येऊन बसतात. दाढी घरून करून आलेले असतात तरी बसतात. गालावरून हात फिरवत विचारतात, "काय म्हणतंय दुकान?" मी सांगतो आणि ते तेच वर कळवतात. आजवर माझा अंदाज एकदाही चुकला नाही. माणूस डोकं मागे टाकतो, डोळे मिटतो, मी फेस लावतो आणि त्याच्या मनातलं आपोआप बाहेर येतं. म्हणून तर 'इथे राजकीय चर्चा करू नये' ही पाटी मी कधी लावली नाही. बाजारातल्या बाकी सगळ्या सलूनमध्ये ती आहे.

यंदा कुणी बोलतच नाही. मी विषय काढला की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत बसतं. शेजारचे घड्याळवाले काका आठवतात ना, झोपेतही बोलत असतील असे? त्यांना परवा विचारलं, "काका, यंदा काय होणार?" तर म्हणाले, "यंदा ऊन फार आहे." मी म्हटलं, "निवडणुकीचं विचारतोय." त्यावर ते म्हणाले, "कल्ले जरा बारीक कर."

अध्यक्ष काल येऊन गेले. मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, हवा बरी नाही, लोक आपल्यावर मनातून नाराज आहेत, बोलत नाहीत म्हणजे ठरवून बसलेत. त्यांचा चेहरा उतरला. तुझ्या नव्या पक्षाचे लोक कसे वागतात ते तुला ठाऊक असेल. तिकडेही माणसं अशीच गप्प आहेत का, एवढंच कळव. गुपित विचारत नाहीये. मला फक्त धीर हवाय.

हिला न सांगता लिहितोय. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझा
धाकटा


२० मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की कात्री थांबते. काल तो दाढी करायला आला तर मी आधी त्याची पिशवीच बघितली.

इथलं बिघडतच चाललंय. आता दुकानात पेपरही येत नाही. पेपर टाकणारा म्हणतो, "दादा, चुकून दुसरीकडे टाकला." एकदा चुकून, दोनदा चुकून, रोज कसा चुकतो? घड्याळवाल्या काकांकडे मागायला गेलो तर त्यांनी पेपरवर सुट्या घड्याळांचा ढीग मांडला होता आणि म्हणाले, "हलवलं तर चाकं हरवतील." घरी हीसुद्धा बातम्या लागल्या की टीव्ही बंद करते. म्हणते, डोकं दुखतं. इतकी वर्षं बातम्यांच्या आवाजात भाजी निवडणारी बाई, आत्ताच बरं डोकं दुखायला लागलं.

मी सगळं जोडून बघतो आणि एकच अर्थ निघतो. लोकांना आपली इतकी चीड आली असेल की मला बघूनच ते तोंड फिरवत असतील? मी पक्षाचा माणूस, माझ्या आरशावर झेंडा लावलेला. पक्षावरचा राग माझ्यावर निघणारच. परवा एक गिऱ्हाईक दारात आलं, आत डोकावलं आणि परत गेलं. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

आणि वर काय झालंय ऐक. मी जे सांगितलं ते अध्यक्षांनी जसंच्या तसं वर कळवलं. वर धावपळ झाली. आता शेवटची मोठी सभा दुसऱ्या भागात होणार होती ती रद्द करून इथे आणलीय, आपल्या दुकानासमोरच्या मैदानात. अध्यक्ष मला म्हणाले, "तुझ्या एका शब्दावर सभा हलली." खांद्यावर हात ठेवून म्हणाले. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना दुसरंच मनात आलं. सभा हलण्याइतकी परिस्थिती वाईट आहे हे मीच सांगितलं ना.

हरलो तर काय होईल असं मी स्वतःला विचारतो. दुकान राहील, खुर्ची राहील, केस वाढायचे थांबणार नाहीत. पण मग मी कोण? तू खळीचं भांडं घेऊन पुढे आणि मी पोस्टरचं भेंडोळं घेऊन मागे, असे आपण भिंतींवर पोस्टर चिकटवत फिरायचो तेव्हापासून मी या पक्षाचा आहे. मला पक्ष म्हणजे काय ते कळतही नव्हतं. तू होतीस म्हणून मी होतो. तूच मला यात आणलंस आणि एक दिवस चप्पल घालून निघून गेलीस. भांडं माझ्या हातात राहिलं. मला तुझा राग येतो ताई, आणि राग आला की तुझी आठवण येते. त्यातून सुटका नाही.

धाकटा


२७ मार्च

ताई,

कळलं.

आज सकाळी बाहेरगावचा एक माणूस आला, औषधांच्या कंपनीचा. गाडीला वेळ होता म्हणून दाढीला बसला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. आरशावरचा झेंडा बघून म्हणाला, "तुमच्या पक्षाला एक बाई चांगलीच नडतेय बघा." आणि टॉवेलखालून हात काढून त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

आधी आवाज आला. चेहरा नंतर बघितला. तो आवाज मला झोपेतून उठवलं तरी मी ओळखेन, त्याच आवाजानं मला इतकी वर्षं झोपेतून उठवलंय. मोठं मैदान, मोठं व्यासपीठ आणि माईकसमोर तू. तू म्हणत होतीस, "माझा सख्खा भाऊ त्यांच्याच पक्षात आहे. सलून चालवतो. सोन्यासारखा माणूस आहे. त्या पक्षातली माणसं वाईट नाहीत. पक्षानं त्यांना गृहीत धरलंय, एवढंच माझं म्हणणं आहे." आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या माणसाच्या हनुवटीवर कापलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुरटी लावली, माफी मागितली, पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि घरी गेलो.

हिला फक्त विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. महिना झाला. पेपरात फोटो आला होता." पेपरवाल्याला पेपर टाकू नकोस असं हिनंच सांगितलं होतं. काकांना तो लपवायला हिनंच सांगितलं होतं. आणि गिऱ्हाइकांना कुणी काही सांगितलं नाही, ते आपणहून गप्प बसले. राजकारणाचा विषय निघाला की तुझं नाव निघणार, आणि माझ्या तोंडावर तुझं नाव कोण काढणार? सगळी वस्ती माझं मन सांभाळत होती. मी त्यालाच हवा समजलो आणि तसं वर कळवलं.

मला हसावं की रडावं कळेना. मी हिच्यावर ओरडलो. नंतर तिनं चहा दिला तो घेतला.

संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, माझा अंदाज चुकला, लोक पक्षावर नाराज नाहीत, ते माझ्यामुळे गप्प आहेत, सभा हवी तर परत हलवा. ते म्हणाले, "आता मंडप ठरला, वर कळवलंय." मग थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, "ती तुझी बहीण आहे हे मला माहीत होतं. तू होऊन काही बोलशील याची वाट बघत होतो. आता असं कर. आपल्या सभेत तूच बोल. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात तिची सभा आहे."

तू इथे येतेयस हे मला त्यांच्याकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर काय बिघडलं असतं?

धाकटा


३ एप्रिल

ताई,

भाषण लिहून आलंय. एक कागद आहे, मोठ्या अक्षरात टाईप केलेला, मला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून. इतकी काळजी या पक्षात माझी कुणी आजवर घेतली नव्हती.

सुरुवातीचं सगळं नेहमीचंच आहे. शेवटी तुझ्यावर आहे. तिथे लिहिलंय की आई गेली तेव्हा हिनं धाकट्या भावाची शाळा सोडवली, त्याला दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारायला लावलं आणि स्वतः शिकून शाळेत बाई झाली. जी सख्ख्या भावाची झाली नाही ती तुमची काय होणार?

वाक्य जमलंय. टाळ्या नक्की येतील. मी अध्यक्षांना म्हटलं, असं झालं नव्हतं. ते म्हणाले, "तू शाळा सोडलीस की नाही?" सोडली. "दुकानात झाडू मारलास की नाही?" मारला. "ती शिकली की नाही?" शिकली. "मग यात खोटं काय आहे?" ताई, तू असतीस तर याला उत्तर दिलं असतंस, हे माझ्या मनात आलं आणि माझं मलाच विचित्र वाटलं.

नाही म्हटलं तर काय होईल तेही त्यांनी सांगितलं, अगदी गोड आवाजात. लोक म्हणतील की हा आतून बहिणीला सामील आहे. आधी हवा वाईट आहे म्हणून घाबरवलं, सभा हलवली, आणि आता बोलत नाही. "मी असं म्हणत नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण लोक म्हणतील." मतदानाच्या दिवशी केंद्रात आपल्या पक्षाच्या खुर्चीवर मी बसतो ते मिशी फुटल्यापासून. ती खुर्चीही जाईल. दुसऱ्या कुणाला हे क्षुल्लक वाटेल. मला त्या दिवशी नवा शर्ट लागतो हे तुला माहीत आहे.

मी दुकान बंद करून आरशासमोर भाषण म्हणून बघितलं. सुरुवात जोरात येते. शेवटच्या वाक्याशी आलो की आरशात मी दिसत नाही, तू मला कानाला धरून शाळेकडे ओढत नेतेस ते दिसतं. मी पळून सलूनमध्ये जाऊन बसायचो, तू पुन्हा ओढायचीस. शेवटी थकलीस आणि म्हणालीस, "मग निदान नीट शीक." आणि वेणी सोडून माझ्यासमोर पाठ करून बसलीस. पहिली कात्री मी तुझ्या केसांवर चालवली. एक बाजू खांद्यापर्यंत, दुसरी कानापर्यंत. तू महिनाभर डोक्याला रुमाल बांधून शिकवायला गेलीस आणि सर्दी झालीय असं सांगत राहिलीस.

हिला विचारलं काय करू. ती म्हणाली, "मला कशाला विचारता, मी काय तुमच्या पक्षात आहे?" थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून म्हणाली, "पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. काय बोलायचं ते बोला, पण घरी येऊन तोंड दाखवता येईल असं बोला."

परवा सभा आहे.

धाकटा


७ एप्रिल

ताई,

तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच, पण मी स्वतः सांगतो.

मैदान भरलं होतं. माझं नाव पुकारलं. वर गेलो. समोर बघितलं तर पुढच्या रांगांत सगळी माझीच डोकी. मी पाडलेले भांग, मी कोरलेले कल्ले. घड्याळवाले काका, पोस्टमन, सगळे. सुरुवात वाचली, आवाज चढला, घोषणा झाल्या. मग तुझा परिच्छेद आला. मी "आई गेली तेव्हा" एवढं म्हणालो आणि समोरची डोकी एक एक करून खाली गेली. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी हाताच्या नखांकडे. दुकानात महिनाभर बघितली तीच शांतता. या खेपेला मला ती बरोबर वाचता आली.

मी म्हणालो, "आई गेली तेव्हा हिनं मला शाळेत घातलं. मीच पळालो."

एवढंच. पुढे काय म्हणायचं ते माझ्याकडे नव्हतं आणि कागदावर जे होतं ते म्हणवेना. कागदाची घडी करून खिशात घातली. मागून कुणीतरी हसलं. मग काका हसले, मग सगळेच. वाईट हसणं नव्हतं ते. मी म्हणालो, "मत मी आपल्याच पक्षाला देणार आहे, तुम्हीही द्या," आणि खाली उतरलो. अध्यक्षांनी माईक घेतला आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

काल सकाळी निरोप आला की मतदान केंद्रात यंदा दुसरा माणूस बसेल, मी आराम करावा. नवा शर्ट घडी करून ठेवून दिला. दुपारपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांपैकी कुणी दुकानाकडे फिरकलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. आयुष्य घातलं मी यात. पण पक्ष सोडलेला नाही, ते तू मनात आणू नकोस. सोडायचा असता तर तुझ्याबरोबरच सोडला असता.

बाकीची गिऱ्हाइकं मात्र आली. आणि बोलायला लागली, ताई. महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता सांगूनच टाकतो. मी तुझ्या पक्षाला जन्मात मत दिलेलं नाही." मी म्हटलं, "काका, प्रत्येक निवडणुकीला या खुर्चीत बसून तुम्ही 'तुमचेच येणार' म्हणता." ते म्हणाले, "तू गळ्यावर वस्तरा ठेवून विचारतोस. मी काय सांगणार?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो, आणि मग उमगलं. म्हणजे इतकी वर्षं मी वर जी हवा कळवत होतो ती माझीच होती. आपण जिंकत होतो म्हणून अंदाज बरोबर येत होता. यंदा काय होणार ते मला माहीत नाही. कुणालाही विचारायची सोय नाही. मतमोजणीपर्यंत बाकीच्या माणसांसारखं धडधडत बसायचं, हे मला नवीनच आहे.

काल तुझी सभा झाली. मी आलो नाही. दुकानाच्या दारात उभा राहिलो, शटर अर्धं खाली होतं, त्याच्या जाळीतून बघत होतो, मला वाटलं दिसणार नाही. तुझं भाषण सगळं ऐकलं. शाळांचं जे बोललीस ते मला पटलं नाही. दोन मुद्दे पटले, ते कुठले ते सांगणार नाही. माझं नाव तू काढलं नाहीस. लोक वाट बघत होते, मीही बघत होतो, आणि तू काढलं नाहीस. उतरताना तू इकडे बघितलंस. शटरखाली माझे पाय दिसत असतील हे मला तेव्हा सुचलं.

केस पांढरे झाले तुझे. आणि मागून डावी बाजू लांब आहे, उजवी आखूड. इतक्या लांबून मला दिसलं. कोण कापतं ग? ज्यानं कापले त्याला कात्री धरता येत नाही.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आमची आठवड्याची सुट्टी येतेय, दुकान बंद असेल. निकाल लागायचा असेल, दोघांनाही कळलेलं नसेल कोण हरलं. ये. मागच्या दारानं ये हवं तर. खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवतो, दोन्ही बाजू सारख्या करून देतो, आता मला येतं. तुझ्या केसांना फक्त कात्री लागते, वस्तरा लागत नाही. तेव्हा मनात असेल ते सगळं बोल.

तुझा
धाकटा